साती आसरांची, निवळ पाण्याची कहाणी

ऐका आसरामायांनो, तुमची कहाणी. आयाबायांनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता घ्या, मन ठिकाणी ठेवा.

नगर होतं आटपाट. नगराला वेस होती, वेशीबाहेर विहीर होती, विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर माखलेल्या साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, होत्या. विहिरीजवळ एक घर होतं. घरात राघोजी नावाचा म्हातारा राही. त्याचा लेक कुशाबा, तो अंबाडीचे दोर वळी. कुशाबाची बायको भिवरा. भिवरेला एक लेक, तिचं नाव ठकी. आणि या साऱ्यांच्या वर घरची धनीण होती भिवरेची सासू, काशाई.

त्या घराच्या पडवीत, दगडी बैठकीवर, एक रांजण होता. मोठ्या पोटाचा, आत डोकावलं तर काळोख. वाटसरू येई, वाणी येई, गुराखी येई. जो येई त्याला काशाई त्या रांजणातलं पाणी देई. पाणी पिऊन माणूस म्हणे, "माय, जीव थंड झाला बघ." गावात लग्न निघालं की मांडवात प्यायला पाणी जाई ते काशाईच्या घरचं.

काशाईला आसरांचा वसा होता. शुक्रवार आला की ती भिवरेला म्हणे, "सूनबाई, तू धुणी घेऊन नदीवर जा. पाण्याचं मी बघते." भिवरा धुणी घेऊन जाई. उन्हं कलली की परत येई. बघते तर रांजण काठोकाठ भरलेला, गळ्यात झेंडूची माळ, बैठकीवर हळदकुंकू. सासूनं काय केलं, कसं केलं, सुनेनं पुसलं नाही, सासूनं सांगितलं नाही.

मग काय झालं? काशाईला ताप भरला. ताप काही उतरेना. तिनं सुनेला जवळ बोलावलं, तिचा हात हातात घेतला. म्हणाली, "सूनबाई, रांजण रिता ठेवू नको. आसरा..." पुढं काही सांगायला गेली. ओठ हलले, शब्द फुटला नाही. काशाई देवाघरी गेली.

दिवसकार्य झालं. घर सारवलं. नवं पाणी भरलं. भिवरा रांजणाजवळ उभी राहिली. मनात म्हणाली, आत्याबाईंनी वसा दिला, पण अर्धाच दिला. उरलेला अर्धा कुणाला पुसू? मामंजींना पुसलं. राघोजी म्हणाला, "मुली, शुक्रवारी मी देवळात बसे. ती काय करी, मला ठाऊक नाही." नवऱ्याला पुसलं. कुशाबा म्हणाला, "आई म्हणाली रिता ठेवू नको, तर नको ठेवू. त्यात कळायचं काय आहे?" भिवरेला वाटलं, खरंच, त्यात कळायचं काय आहे?

मग तिनं नेम धरला. एक तांब्या बाहेर काढला की एक तांब्या आत ओती. घागर काढली की घागर ओती. रांजणाचं पाणी गळ्याखाली म्हणून उतरू दिलं नाही. शुक्रवारी माळ घाली, हळदकुंकू वाही, हात जोडी. बायका म्हणत, "सून बाई सासूच्या वरताण निघाली." भिवरेला बरं वाटे.

असे दिवस गेले, महिने गेले. एके दिवशी कुशाबा जेवायला बसला. पाण्याचा घोट घेतला आणि थांबला. म्हणाला, "पाण्याला लोखंडासारखी चव लागते." भिवरेनं पाणी चाखलं. तिला काही लागलं नाही. म्हणाली, "दिवसभर अंबाडी चोळता, हाताला वास, तोंडाला चव. पाण्याला काय झालंय?" कुशाबानं हात हुंगून बघितले.

मग राघोजी म्हणाला, "सूनबाई, पाण्याला शेवाळाचा वास येतो गं." भिवरेनं पाणी हुंगलं. तिला काही आलं नाही. म्हणाली, "मामंजी, वय झालं की तोंडाची चव जाते." म्हातारा बिचारा नाक दाबून पाणी प्यायला.

मग ठकी म्हणाली, "आई, पाण्यात मासा मेलाय." भिवरेनं रांजणात डोकावून बघितलं. काळोख दिसला, आपलंच तोंड दिसलं, मासा दिसला नाही. ती मनातून चरकली. एक म्हणतो लोखंड, एक म्हणतो शेवाळ, एक म्हणते मासा. आणि मला तर रोजच्यासारखंच लागतं. मग खरी जीभ कुणाची? यांची की माझी?

ती शेजारणीकडे गेली. शेजारणीचं नाव पारू. तीही त्याच विहिरीचं पाणी भरी. भिवरा म्हणाली, "पारूबाई, तुझ्याकडचं पाणी दे बघू." पारूनं पेला भरून दिला. भिवरा प्यायली. पुन्हा प्यायली. म्हणाली, "हे कसंतरीच लागतं. यात काहीतरी कमी आहे."

पारू हसली. म्हणाली, "कमी काय असायचं? पाणी आहे ते."

भिवरा घरी आली ती आणखीनच गोंधळून. विहीर एक, दोर एक, घागरही तसलीच. मग तिचं पाणी वेगळं आणि माझं वेगळं, हे कसं?

मग तिनं काय केलं? डोंगरातून वाळा आणला. जुडी बांधली, रांजणात सोडली. पाण्याला वाळ्याचा वास आला. कुशाबा प्यायला. भिवरा म्हणाली, "आता कसं?" तो म्हणाला, "आता वाळ्याचा वास येतो. आणि त्याच्या मागून तो पहिला."

मग तिनं मोगऱ्याच्या कळ्या टाकल्या. राघोजी प्यायला. भिवरा म्हणाली, "आता कसं?" तो म्हणाला, "देवळाच्या मागं निर्माल्य कुजतं ना, तसं."

मग तिनं कापूर टाकला. ठकी प्यायली, जीभ बाहेर काढून रडायला लागली.

भिवरेनं कपाळाला हात लावला. जे टाकते ते पाण्यात उतरतं, पण जे जायला हवं ते काही जात नाही. तिला वाटलं, विहिरीलाच कुणाची दृष्ट लागली. तिनं नदीचं पाणी आणलं, रांजणात ओतलं. घरचे म्हणाले, वास तोच. देवळाच्या कुंडातलं आणलं, ओतलं. वास तोच. पाटलांच्या आडाचं आणलं, ओतलं. तरी वास तोच. मग ती वेशीत उभी राहून म्हणाली, "बायांनो, गावातलं सगळं पाणी बिघडलं!" बायका धावत आल्या. ही म्हणते माझं चांगलं, ती म्हणते माझंही चांगलं. "गावाचं नाव का घालवतेस?" म्हणून भांडायला उठल्या. भिवरा मान खाली घालून घरी आली.

तेव्हापासून वाटसरू दाराशी येईनासे झाले. कुणी आलाच तर एक घोट घेई, दुसरा अंगणात थुंकी. राघोजी तहान लागली तरी पाणी मागेना. ओठ सुकले, लघवी कोंडली, खाटेला खिळला. भिवरा त्याच्यापुढं तांब्या धरी. तो म्हणे, "मागाहून." मागाहून धरला की म्हणे, "आत्ताच प्यायलो." ते खोटं तिला कळे, पण त्यावर काय करावं ते कळत नसे.

एके दिवशी दुपारी एक म्हातारी दारात आली. हिरवं लुगडं, ओला पदर, पाय चिखलाचे. म्हणाली, "बाई, घोटभर पाणी दे." भिवरेला आनंद झाला. कुणीतरी आलं. तिनं तांब्या भरून दिला. म्हातारी प्यायली. तोंड वाकडं केलं नाही, थुंकली नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "पाणी शिळं झालंय गं."

"शिळं कसं होईल? सकाळीच भरलंय."

"वरचं सकाळचं. खालचं कधीचं?"

भिवरेनं रांजणात डोकावून बघितलं. म्हातारी म्हणाली, "रांजण रिता कर," आणि निघून गेली.

भिवरा तांब्या उचलून पडवीत बसली. आत्याबाई म्हणाल्या रिता ठेवू नको. ही म्हणते रिता कर. एक घरची, एक परकी. एक मरताना बोलली, एक जाता जाता बोलली. कुणाचं ऐकू? तिनं नवऱ्याला सांगितलं. कुशाबा संतापला. म्हणाला, "आईचा शेवटचा शब्द तेवढा राहिलाय आपल्याकडे. तो मोडलास तर माझ्याशी बोलू नको." मग तिनं काय केलं? अर्धा रांजण उपसला, अर्धा ठेवला. वाटलं, दोघींचंही राहील. वरून नवं पाणी भरलं. दोन दिवस बरं गेलं. मग घरचे म्हणाले, वास परत आला.

पुन्हा ती म्हातारी आली. पाणी प्यायली. म्हणाली, "अर्धं ऐकलंस."

भिवरा म्हणाली, "मला सांगितलंय तेच अर्धं. मी काय करू?"

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि चालायला लागली. भिवरा दारापर्यंत गेली, अंगणापर्यंत गेली. हाक मारावी, तर काय म्हणून मारावी? परत फिरली.

मग पारूनं तुरटीचा खडा दिला. म्हणाली, "हा फिरव, गाळ खाली बसतो." भिवरेनं खडा फिरवला. सकाळी बघते तर पाणी वरून स्वच्छ, काचेसारखं. कुशाबा प्यायला, म्हणाला, "आता बरं आहे." राघोजीनं अर्धा पेला घेतला. भिवरा आसरांच्या पाया पडून आली. पण गाळ बसला तो बसला कुठं? तळाशीच ना? भिवरेच्या ते ध्यानात आलं नाही.

उन्हात खेळून ठकी आली. घशाला कोरड पडलेली. लांब दांड्याचं ओगराळं घेतलं, खोल बुडवलं, तळ ढवळून निघाला, डोळे मिटून गटागटा प्यायली. संध्याकाळी पोट दुखायला लागलं. उलट्या झाल्या, जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले. "पाणी, पाणी" करी. पाणी तोंडाशी नेलं की मान फिरवी. रडे, पण डोळ्यांतून पाणी येईना.

कुशाबा उशाशी बसला होता. राघोजी खाटेवरून म्हणे, "माझ्या नातीला काय झालं?" भिवरा एकदा पोरीकडे बघे, एकदा रांजणाकडे बघे. एकाएकी उठली. कुशाबा म्हणाला, "कुठं निघालीस?" ती म्हणाली, "मला माहीत नाही." तिला खरंच माहीत नव्हतं. ती पडवीत गेली. घागर बुडवली, अंगणात ओतली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली. कुशाबा धावत आला. "अगं, आईचा शब्द!" म्हणाला. भिवरा थांबली नाही. म्हणाली, "बरोबर करते की चूक करते, मला कळत नाही. शाप लागला तर मला लागू दे. पण हे पाणी मी माझ्या लेकीला आता देणार नाही."

पाणी तळाला आलं. मग तिनं रांजण कलता केला. आधी गढूळ पाणी आलं. मग काळं आलं. मग गाळ आला. गाळात वाळ्याच्या काड्या, कुजक्या कळ्या, किडे, आणि असा दर्प की कुशाबानं नाकाला धोतर लावलं. आणि तो दर्प, आयाबायांनो, भिवरेलाही आला. इतके दिवस जो आला नाही तो आला.

एवढ्यात दारात हाक आली. "बाई, घोटभर पाणी दे."

तीच म्हातारी. आणि रांजण पालथा, घागर रिकामी, विहिरीचा दोर काढून वाळत घातलेला. ज्याला भिवरा इतके दिवस भीत होती तेच घडलं. तहानलेलं माणूस दारात, आणि घरात थेंब नाही. तिला रडू फुटलं. म्हणाली, "माय, पाणी नाही. तुझं ऐकलं तर आत्याबाईंचा शब्द मोडला. आत्याबाईंचं ऐकलं तर पोर आजारी पडली. मला काहीच कळेनासं झालंय."

म्हातारी पडवीत टेकली. म्हणाली, "तुझी सासू काय म्हणाली होती?"

"रांजण रिता ठेवू नको."

"रिता ठेवू नको म्हणाली. रिता करू नको म्हणाली का?"

भिवरा बघतच राहिली. ठेवणं आणि करणं. तिनं मनातल्या मनात दोन्ही म्हणून बघितलं. कुशाबाकडे बघितलं. तोही ओठ हलवून म्हणून बघत होता.

"पण आता तू तहानलेली आहेस," भिवरा म्हणाली.

"मी थांबते," म्हातारी म्हणाली. "तू काम कर."

मग भिवरेनं पुसलं, "माय, वसा कसा करावा?" म्हातारी सांगू लागली. "शुक्रवार यावा. सकाळी उठावं, न्हावं. आधी एक घागर गाळून बाजूला भरून ठेवावी, म्हणजे दारचा माणूस तहानलेला जाणार नाही. मग रांजण तळापर्यंत उपसावा. ते पाणी फुकट घालवू नये, अळवाला द्यावं. राख घ्यावी, नारळाची शेंडी घ्यावी, आतून हात फिरवून घासावा. कढत पाण्यानं विसळावा. उन्हात पालथा घालावा. ओल गेली की बैठकीवर ठेवावा. धुतलेलं फडकं दुपदरी करावं, त्यातून पाणी गाळावं. गढूळ असलं तर निवळीचं बी उगाळावं, गाळ बसला की वरचं निवळ घ्यावं, खालचा गाळ टाकावा. वर झाकण ठेवावं. ओगराळ्यानं पाणी घ्यावं, हात बुडवू नये. आजाऱ्याला, लेकराला पाणी उकळून, निववून द्यावं. हा आसरांचा वसा. कंटाळा करू नको, मधेच सोडू नको."

भिवरा ऐके आणि करी. मधेच विसरे. म्हणे, "आधी राख की आधी कढत पाणी?" म्हातारी म्हणे, "आधी राख." पुन्हा विसरे, पुन्हा पुसे. म्हातारी पुन्हा सांगे. कुशाबानं दोर लावला, विहिरीचं पाणी शेंदलं. पारू धुतलेलं फडकं घेऊन आली. चुलीवर पाणी चढलं, खळखळ उकळलं, परातीत ओतून निवलं. त्यात चिमूटभर मीठ टाकलं, गुळाचा खडा विरघळवला. भिवरेनं ठकीला मांडीवर घेतलं, चमच्यानं पाणी पाजलं. ठकीनं एक चमचा घेतला, मान फिरवली नाही. दुसरा घेतला. मग म्हणाली, "आणखी."

असं घोटघोट पाजत गेले. पोटात ठरू लागलं. डोळ्यांत टिपूस आलं. भिवरेला हसू येई आणि रडूही येई, कुठलं कशासाठी ते उमजेना.

ऊन खाऊन रांजण कोरडा झाला. पडवीत ठेवला, गाळून भरला, झाकला. पहिला तांब्या भिवरेनं म्हातारीला दिला. म्हातारी सावकाश प्यायली, तांब्या रिता केला, उपडा करून दाखवला, हसली. मग राघोजीनं हाक मारली. कित्येक दिवसांनी त्यानं आपणहून पाणी मागितलं होतं. भिवरा तांब्या घेऊन आत गेली. म्हातारा प्यायला, आणखी मागितलं, प्यायला. म्हणाला, "सूनबाई, कसलाच वास नाही गं." भिवरा बाहेर येऊन बघते तर पडवीत कुणी नाही. अंगणात नाही, वेशीत नाही. पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते, ते विहिरीकडे गेलेले की विहिरीकडून आलेले, ते काही सांगता येईना.

पारू म्हणाली, "आसराच त्या." कुशाबा म्हणाला, "पलीकडच्या गावची कुणी असेल." राघोजी म्हणाला, "पाणी प्यायली ना? मग झालं."

ठकी बरी झाली, अंगणात धावू लागली. म्हातारा खाटेवरून उठला, काठी टेकत देवळात जाऊ लागला. वाटसरू परत येऊ लागले. गावच्या बायकांनी भिवरेला पुसलं, तिनं वसा सांगितला. मधेच अडखळली की पारू आठवण करून देई. घरोघरी शुक्रवारी रांजण उन्हात दिसू लागले. सासू मरताना पुढं हेच सांगणार होती की दुसरंच काही, ते भिवरेला कधी कळलं नाही. त्याचं तिला वाईट वाटे. पण हात राख घेई, शेंडी घेई, काम करी.

आणि दाराशी कुणी म्हातारी आली की भिवरा तिच्याकडे निरखून बघे. हीच का ती? लुगडं तर हिरवं आहे. पाय तर चिखलाचे नाहीत. ओळख पटत नसे. मग कोण जाणे, हीच असेल, म्हणून ती प्रत्येकीला पाट देई, झाकण काढून निवळ पाणी देई, आणि ती शेवटचा घोट घेईतो समोर हात जोडून उभी राही.

आसरामाया जशा भिवरेला पावल्या, तशा तुम्हांआम्हांला पावोत. तुमच्या लेकरांच्या पोटात निवळ पाणी पडो, म्हाताऱ्यांची तहान भागो, दारचा माणूस तृप्त होऊन जावो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा.